मागे उरलेल्यांचा पश्चात्ताप

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या कास्तकारानं जीव दिला की घरात माती-सावडणं चालू असतानाच कागदांची फेरी सुरू होते. पोलिसांचा पंचनामा होतो, तलाठी येऊन जातो, तहसीलदाराचा अहवाल वर जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते की हे प्रकरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानं आखलेल्या चौकटीत बसायचं तर नावावर शेती हवी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं, ते थकलेलं हवं आणि वसुलीचा तगादा लागलेला हवा. बसलं तर एक लाख रुपये. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. न बसलं तर कागदावर दुसरं कारण येतं: दारू, आजारपण, घरगुती वाद. अमरावती विभागात २००१ पासून या मृत्यूंची जिल्हावार नोंद ठेवली जाते. त्यात यवतमाळचा आकडा सगळ्यात मोठा आहे, पाच हजारांच्या पुढे गेलेला. आणि विभागातली निम्म्याच्या आसपास प्रकरणं अपात्र ठरलेली आहेत. म्हणजे हजारो घरांमध्ये नवऱ्याच्या मृत्यूचं सरकारी कारण कर्ज नव्हतं, नापिकी नव्हती. ते घरातच कुठेतरी होतं, असा लेखी निष्कर्ष मागे राहिलेला आहे.

नातं संपल्यानंतरची ओढ आणि पश्चात्ताप यांवर मराठीत बरंच लिहिलं जातं, पण बहुतेक शहरातल्या तरुणांच्या प्रेमभंगावर. संसार मोडल्यावर, माणूस निघून गेल्यावर किंवा जीव देऊन गेल्यावर खेड्यात उरलेल्या बाईच्या मनाचं काय होतं, हा प्रश्न ‘शेतकरी प्रश्ना’त किंवा ‘महिला प्रश्ना’त विरघळून जातो. तो वेगळा काढून पाहायला हवा. माणूस गेल्यावर मागे दोन गोष्टी उरतात. गेलेल्याची ओढ ही एक, आणि आपल्या हातून काय चुकलं ही टोचणी दुसरी. बोलताना आपण दोन्ही एकाच दुःखात जमा करतो, पण त्यांची मुळं निराळी आहेत. ओढ दोघांच्या सहवासातून येते. तिच्यात तिसऱ्याचा हात नसतो. पश्चात्ताप मात्र बराचसा भोवतालच्यांनी घडवलेला असतो: सासरच्यांनी, गावानं, पंचनाम्यानं, कायद्यानं. म्हणून ओढीला मोकळी जागा द्यावी आणि पश्चात्तापाची वाटणी खरी करावी, एवढं समाजाच्या हाती असतं. यवतमाळमध्ये नेमकं उलटं चालत आलं आहे. ओढीला बंदी आहे आणि पश्चात्तापाला खतपाणी घातलं जातं. कास्तकाराच्या विधवा, झरी-जामणीकडच्या फसवल्या गेलेल्या आदिवासी मुली आणि सोडचिठ्ठीविना टाकून दिलेल्या बायका, या तिघींच्या परिस्थितीकडे एकत्र पाहिलं की हे स्पष्ट होतं.

आधी ओढीबद्दल काय माहीत आहे ते पाहू. सिग्मंड फ्रॉइडनं १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेण्याचं काम, असं मांडलं. या विचाराचा पगडा पुढं अनेक दशकं राहिला आणि ‘विसर आता’ या सल्ल्याला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं झालं. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांच्या ग्रंथानं ही समजूत हलवली. मागे राहिलेली माणसं नातं तोडत नाहीत, ते बदललेल्या रूपात चालू ठेवतात, आणि त्यात रोगट असं काही नाही, हे त्यांनी दाखवलं. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी पुढची गोष्ट सांगितली: दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो. काही वेळ तो गेलेल्यापाशी असतो, काही वेळ रोजच्या कामापाशी, आणि ही ये-जा चालू राहणं हेच सावरणं. जोडीदारानं नाकारलेल्या १५ जणांच्या मेंदूच्या पाहणीत हेलन फिशर आणि सहकाऱ्यांना २०१० साली आढळलं की त्या माणसाचा फोटो पाहताना व्यसनाच्या तलफेशी निगडित भाग जागे होतात. पाहणी लहान होती, तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण ओढ ही मनाची लाड करून घेतलेली सवय नाही, तिला शरीराचा आधार आहे, एवढं मानायला हरकत नसावी. तिला हुकमानं थांबवता येत नाही. ती कुठे व्यक्त होईल एवढंच ठरवता येतं.

हे सगळं परदेशी शास्त्र, आपल्या खेड्याला त्याचं काय, असं म्हणणाऱ्यांना वऱ्हाडातल्याच एका मोठ्या उदाहरणाची आठवण करून द्यावीशी वाटते. यवतमाळच्या शारदाश्रमानं आणि य. खु. देशपांडे यांनी ज्या महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनात आयुष्याची वर्षं घातली, ते वाङ्मय मुळात एका वियोगातून उभं राहिलं. चक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या आश्रयाला जमले. नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणींत बुडालेले असत. म्हाइंभटांनी त्या आठवणी टाकून दे असं म्हटलं नाही. ते गावोगाव हिंडले, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडून एकेक प्रसंग गोळा केला, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतला, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ तयार झालं. मराठीतला आद्य गद्यग्रंथ हा असा, गेलेल्या माणसाची आठवण काढणाऱ्यांनी एकत्र बसून केलेला आहे. स्मरण ही त्या पंथात साधना ठरली. त्या लीळांमध्ये शिष्यांच्या चुकाही आहेत, स्वामी त्यांना रागावतात तेही आहे, आणि ते कुणी गाळलं नाही. ओढ आणि चूक दोन्ही चारचौघांत बोलली गेली, म्हणून ती कुणा एकाच्या उरावर बसली नाही. अर्थात हे शिष्यांचं आणि गुरूचं नातं होतं. बाईनं नवऱ्याची किंवा प्रियकराची आठवण काढणं याला समाजानं तेवढा मान कधी दिला नाही. देवाच्या विरहिणीला अभंगात जागा मिळाली, शेजारच्या विरहिणीला जात्यावरच्या ओवीत. जाती बंद पडली आणि ती जागाही गेली.

आता कास्तकाराच्या विधवेला काय मिळतं ते पाहा. तेरवी झाली की तिला निंदणाला, वेचणीला जावंच लागतं. स्ट्रोब-शूट सांगतात ती कामाची बाजू तिच्यापुढं सक्तीनं उभी असते. दुसऱ्या बाजूला जायला तिला वेळही नाही आणि मुभाही नाही. कुंकू पुसलं जातं, मंगळसूत्र उतरवलं जातं, हळदी-कुंकवाचं बोलावणं बंद होतं. या प्रथांमागे शोकाला मान देण्याचा हेतू असेल असं कुणी म्हणेल. प्रत्यक्षात त्या तिच्या अंगावर नवऱ्याच्या नसण्याची खूण लावतात आणि नवऱ्याबद्दल बोलण्याची सोय मात्र ठेवत नाहीत. नटली तर चर्चा, हसली तर चर्चा, आणि फार दिवस रडली तर ‘आता पोरांकडं पाहा’. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ठराव चांगला आहे. पण खुणा काढून टाकणं हा अर्धाच भाग झाला.

उरलेला अर्धा भाग यवतमाळमध्ये काही काळ दिसला होता. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या, आणि लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यानंतर उठलेल्या वादळात उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. त्या स्वतः शेतकरी आत्महत्येनंतर मागे उरलेल्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केलं आहे. या नाटकात अशा एकल बायकांचं जगणं रंगमंचावर आलं. संमेलनाच्या वादाबद्दल खूप लिहिलं गेलं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. ज्या बाईचं बोलणं आजवर फक्त जबाब म्हणून घेतलं जात होतं, तिला तिच्या नवऱ्याबद्दल आणि स्वतःबद्दल सांगायला व्यासपीठ मिळालं. जबाब देताना माणूस आरोपापासून स्वतःला वाचवत असतो, मग त्यात ओढीचा शब्द येणार कुठून? नाटकात तो येऊ शकतो.

पश्चात्तापाकडे वळू. गेलेली गोष्ट मनात उलटीसुलटी करून ‘असं झालं असतं तर’ म्हणणं ही माणसाची जात आहे. डॅनियल कानेमन आणि डेल मिलर यांनी १९८६ साली दाखवलं की हे ‘तर’ वाट्टेल तिथे जात नाही. मन नेहमीच्या, न हलणाऱ्या गोष्टी सोडून देतं आणि जी गोष्ट सहज बदलता आली असती असं वाटतं तिथे जाऊन अडकतं. यवतमाळच्या कोरडवाहू कापसाच्या शेतीत न हलणाऱ्या गोष्टींची रांग मोठी आहे. पावसाचा खंड, बोंडअळी, पडलेला भाव, पीककर्ज न मिळाल्यानं गाठलेला सावकार, यांपैकी काहीही त्या घरच्या बाईच्या हातात नव्हतं. म्हणून तिचं मन तिच्या हातातल्या गोष्टींकडे जातं. त्या दिवशी पोराच्या फीचे पैसे मागितले नसते तर. माहेरी गेले नसते तर. तो गप्प होता तेव्हा विचारलं असतं तर. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांच्या १९९०च्या दशकातल्या संशोधनात असं दिसलं की सुरुवातीला केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप जास्त टोचतो, वर्षं गेली की न केलेल्या गोष्टींचा. म्हणजे भांडणाची टोचणी हळूहळू कमी होते आणि न विचारलेल्या प्रश्नाची वाढत जाते. एवढं मनाच्या घडणीतच आहे. ते कुणी टाळू शकत नाही.

टाळता येण्याजोगं आहे ते पुढचं. जी गोष्ट तिचं मन अंधारात स्वतःला सांगत असतं, तीच गोष्ट ‘कौटुंबिक कारण’ म्हणून कागदावर शिक्क्यासह आली की ती शंका राहत नाही, निकाल होते. सासरच्यांना त्या निकालाचा उपयोग असतो, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचं की नाही हे त्यानंतर ठरायचं असतं. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायकांना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता, घर नावावर झालेल्या फक्त ३५ टक्के होत्या, आणि आपल्याला पेन्शन मिळू शकतं हेच ३३ टक्के बायकांना ठाऊक नव्हतं. या पाहणीनंतर १८ जून २०१९ ला सरकारनं अशा बायकांच्या मदतीसाठी स्वतंत्र शासन निर्णय काढला. जमिनीचे आकडे इथे देण्याचं कारण एवढंच की पश्चात्ताप हा भावनेचा विषय वाटत असला तरी त्याला मालमत्तेचा पाया असतो. दोषी ठरलेली सून फेरफार मागताना आवाज चढवत नाही.

याच जिल्ह्यात उलट उदाहरणही घडलं आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. तेव्हाही पहिला सूर होता तो मेलेल्यांना बोल लावण्याचा: हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधलं नाही, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारलं. घरच्या बाईनं ‘आज जाऊ नको’ म्हणायला हवं होतं हा तिच्या मनातला ‘तर’ त्याच सुरातून जन्मला असणार. पण पुढं विशेष तपास पथक नेमलं गेलं, कीटकनाशकांच्या मिश्रणाची आणि विक्रीची चौकशी झाली, आणि दोन मृतांच्या पत्नी व एक बचावलेला शेतकरी थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयात एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध गेले. कंपनीनं आपली जबाबदारी नाकारलेली आहे आणि खटल्याचा निकाल काय लागावा हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा की ‘कुणाचं चुकलं’ हा प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेर काढून ज्यांच्याकडे त्याचं उत्तर असू शकतं त्यांच्यापुढं ठेवता येतो, आणि तो ठेवणाऱ्या यवतमाळच्याच बायका आहेत. अशीच वाटणी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या स्मरणात होते. १९ मार्च १९८६ रोजी या शेतकऱ्यानं कुटुंबासह जीवन संपवलं. २०१७ पासून दर १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून गावोगावची आणि शहरांतली माणसं एक दिवस अन्नत्याग करतात. ज्या घरात पश्चात्ताप करायला कुणी उरलंच नाही, त्या घराचा पश्चात्ताप इतरांनी आपल्याकडे घेतलेला आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. सगळा दोष भावावर, पावसावर आणि कंपनीवर टाकला तर माणसाच्या स्वतःच्या वागण्याची जबाबदारी कुठे गेली? काही घरांत खरोखर दारू होती, मारहाण होती, छळ होता. काही पश्चात्ताप न्याय्यच असतात. मान्य. किंबहुना ज्यांना पश्चात्ताप व्हायला हवा त्यांना तो होत नाही, ही माझी तक्रार अधिक तीव्र आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या आकड्यांत शेतीक्षेत्रातल्या १०,८८१ जणांच्या आत्महत्या आहेत आणि त्याच वर्षी २३,१७८ गृहिणींच्या. दुपटीहून जास्त. त्या बाईच्या मृत्यूनंतर पात्र-अपात्र समिती बसत नाही. हुंड्याची किंवा छळाची तक्रार झाली नाही तर नवऱ्याला कुणी काही विचारत नाही, आणि वर्षाच्या आत त्याच्यासाठी स्थळं पाहिली जातात. त्याच्या मनात ओढ आणि टोचणी असेलही. पुरुषानं ती दाखवायची नाही असा आपला दंडक असल्यामुळे ती दारूत किंवा रागात निघते. म्हणजे पश्चात्तापाची वाटणी दोन्हीकडून चुकलेली आहे. नवरा गेला तर बाईनं तो करायचा, बाई गेली तर कुणीच नाही. मला पश्चात्ताप पुसून टाकायचा नाही. ज्यानं पुढचं वागणं बदलू शकतं तो पश्चात्ताप ठेवावा. ज्याच्यापुढं करण्यासारखं काहीच नाही, ज्याची माफी मागायला माणूसच उरलेला नाही, तो एकटीच्या माथी मारणं ही शिक्षा आहे, आणि ती शिक्षा सुनावण्याचा अधिकार तलाठ्याला किंवा जावेला कुणी दिलेला नाही.

झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या भागांतला प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक; त्यांचे पोड, म्हणजे वस्त्या, जंगलाच्या कडेला, तेलंगणाच्या सीमेलगत. ठेकेदारीच्या, व्यापाराच्या, नोकरीच्या निमित्तानं बाहेरून आलेल्या पुरुषांनी लग्नाचं आश्वासन देऊन संबंध ठेवायचे आणि मूल होण्याच्या सुमाराला निघून जायचं, हा प्रकार अनेक वर्षं चालत आला. ‘कुमारी माता’ म्हणून या मुलींच्या बातम्या झाल्या, विधिमंडळात चर्चा झाली, योजना आल्या. या सगळ्यात एक गोष्ट धरूनच चाललेली असते की ही फसवणूक आहे, तेव्हा हिला त्या माणसाबद्दल राग सोडून दुसरं काही वाटणं शक्य नाही. फसवणूक आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नं लग्नाच्या खोट्या वचनावर ठेवलेल्या संबंधाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे, आणि ते योग्य आहे. पण खोटं बोलणारा तो होता. तिच्या बाजूनं नातं खरं होतं. खऱ्या नात्याची ओढ खरीच असते. तिनं ती बोलून दाखवली तर तक्रार कच्ची होते, ‘मग तुझी संमती होती’ असं म्हणायला वकील मोकळा होतो, आणि न बोलावी तर ती लाज होऊन आत राहते. अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांनी १९९९ च्या पुस्तकात ज्याला संदिग्ध वियोग म्हटलं तो हाच: माणूस कुठेतरी जिवंत आहे, कदाचित चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या बाईसोबत नांदतो आहे, आणि तरी नाही. इथे ना तेरवी, ना सोडचिठ्ठी.

आणि पुन्हा कागद. मुलाच्या दाखल्यावर बापाचं नाव काय, या प्रश्नानं ते संपलेलं नातं दर वर्षी नव्यानं उकरलं जातं: शाळेत, जातीच्या दाखल्याला, शिष्यवृत्तीला. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाचं नाव उघड न करता मुलाची पालक होता येतं असं सांगितलं. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. पोटगीच्या कायद्यात आईबापांचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाचा हक्क मान्य आहे. हे सगळे निर्णय वेगवेगळ्या कारणांसाठी झाले, पण त्यांचा एक परिणाम मला मोलाचा वाटतो. जिथे जिथे बापाच्या नावाची सक्ती सुटते, तिथे तिथे ‘मी त्याच्यावर विश्वास का ठेवला’ हा प्रश्न तिला सरकारी खिडकीपाशी उभं राहून ऐकावा लागत नाही.

तिसरा गट संख्येनं सगळ्यात मोठा असून सगळ्यात कमी दिसणारा. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित माणसं साधारण १३.६ लाख होती; घटस्फोट न होता वेगळी राहणारी त्यांच्या जवळजवळ तिप्पट. सूरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय यांनी २०१६ मध्ये या आकड्यांकडे लक्ष वेधलं. म्हणजे आपल्याकडे मोडलेल्या संसारांपैकी बहुतेक कागदाविना मोडतात. माहेरी आणून सोडलं, नंतर कुणी न्यायला आलं नाही. नवरा पुण्याला कामाला गेला आणि फोन बंद झाला. अशा नात्याला शेवटची तारीखच नसते. ओढ तिथे आशेचं रूप घेऊन वर्षानुवर्षं टिकते आणि पश्चात्तापही तात्पुरता राहत नाही, कारण ‘मी थोडं सहन केलं असतं तर तो आला असता’ हे वाक्य खोटं ठरवायला कुठलाच पुरावा मिळत नाही. याबाबतीत ज्यांना आपण मागास म्हणतो त्या समाजांची रीत अधिक माणुसकीची होती. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. गोंड-कोलामांत लग्न आणि काडीमोड रूढीनं चालतात. जमातीच्या पंचांसमोर काडीमोड होते, पुन्हा पाट लावता येतो. पंचायतींचे निवाडे नेहमी बाईच्या बाजूचे नसत आणि त्यांचं उदात्तीकरण करण्याचा माझा हेतू नाही. पण नातं चार माणसांसमोर संपतं, त्या दिवसानंतर ती मोकळी असते, आणि ‘काय चुकलं’ याची चर्चा दोन्ही बाजू समोर असताना होते, यात मन सावरण्याची मोठी सोय आहे. उच्च मानल्या गेलेल्या जातींनी ती सोय प्रतिष्ठेपायी सोडली, आणि पुढे कास्तकार जातींनी त्यांचं पाहून.

दुसरा आक्षेप अधिक वेळा ऐकू येतो: पोटाला नाही तिथे ओढ आणि पश्चात्तापाचे चोचले कसले? या बायकांना पैसा, जमीन, काम द्या. मन आपोआप ताळ्यावर येईल. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दुसरा खरा नाही, आणि तो खरा नसल्याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या ३० गावांत २०११ च्या सुमाराला सुरू झालेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी नैराश्य असलेल्यांना गाठलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. अठरा महिन्यांत ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. त्या काळात शेतीची संकटं काही संपलेली नव्हती. कुणीतरी दारात येऊन ऐकून घेतलं एवढाच फरक होता. राज्य सरकारनं २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबादमध्ये बळीराजा चेतना अभियान आणलं, चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला ज्यात आशाताई घरोघरी जाऊन पाहणी करतात, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आहे. ज्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचा विचार येतो त्यानं तो फिरवावा, मराठीत बोलता येतं. पण या योजनांची नजर मुख्यतः ‘पुढची आत्महत्या कोण करेल’ याकडे आहे. जी मागे उरली ती या यादीत धोका म्हणून येते, दुःखी माणूस म्हणून येत नाही. प्रत्येकीला समुपदेशक हवा असंही नाही. जॉर्ज बोनानो यांनी २००४ पासून सातत्यानं दाखवलं आहे की बहुतेक माणसं मोठ्या वियोगातून औषधाशिवाय, तज्ज्ञाशिवाय उभी राहतात. फक्त त्यांच्या वाटेत कुणी दगड टाकू नये.

या जिल्ह्यात तो दगड पंचनाम्याच्या कागदात आहे आणि तो काढणं खर्चाचं काम नाही. कर्जाची चौकशी बँकेकडे, सोसायटीकडे आणि सातबाऱ्यावर होऊ शकते. त्यासाठी बायकोला तेरवीच्या आत ‘तुमचं भांडण झालं होतं का’ असं विचारण्याची गरज नाही. मृत्यूचं कारण आणि मदतीची पात्रता हे दोन प्रश्न वेगळे करता येतात: जमीन आणि कर्ज आहे की नाही यावर मदत द्यावी, आणि कुणाच्या स्वभावाबद्दलचा शेरा त्या फायलीत येऊच नये. आधी अपात्र ठरलेल्या हजारो फायलींत असे शेरे पडून आहेत. ते ज्या बायकांबद्दल आहेत त्यांतल्या कित्येकींनी ते वाचलेलेही नाहीत, पण सासरी आणि गावात त्यांचा अर्थ पोचलेला आहे. तिनं मागणी केली तर फाईल पुन्हा उघडावी, तिचं म्हणणं तिच्या सोयीच्या वेळी, तिच्या घरी, बाई अधिकाऱ्यानं लिहून घ्यावं, आणि घरगुती वादाचा पुरावा शेजाऱ्याच्या ऐकीव बोलण्यापलीकडे काही नसेल तर तो शेरा लेखी हुकमानं खोडून त्याची प्रत तिच्या हातात द्यावी. एक लाख रुपये त्यानंतर मिळतील किंवा मिळणारही नाहीत. ती वेगळी लढाई आहे. खोडलेल्या शेऱ्याची ती प्रत मात्र सासऱ्यापुढं, तलाठ्यापुढं आणि उद्या वयात आलेल्या पोरापुढंही ठेवता येईल.